मेन स्विच

बिनमातीच्या शेतीचं एवढं कौतुक करताय, म्हणून आमच्या बाबांचं सांगतो.

विक्रोळीची चाळ पाडली तेव्हा दारातल्या त्यांच्या कुंड्याही गेल्या. नव्या इमारतीत गॅलरीत माती ठेवायला सोसायटीची मनाई. बाबा नुसते बसून राहायला लागले, म्हणून मी पाण्यावर भाजी वाढवायचे पाइप बसवले. विजेचा छोटा पंप, खत पाण्यातच.

बाबा म्हणाले, "मुळांक धरूक काय नाय रे."

पण पालक तरारला. बाबा परत सकाळी उठून गॅलरीत जायला लागले, शेजारी जुड्या वाटायला लागले.

मग गणपतीला आम्ही सगळे गावी गेलो. परत येऊन बघतो तर पंप बंद, पालक सुकून पाइपांना चिकटलेला.

"लाइट गेली असेल," मी म्हणालो.

"नाय. निघताना मेन स्विच मीच बंद केलंय. दरवर्षी करतंय तसो."

"असू दे, बाबा. दुसरं बी टाकू."

ते पाइपावर हात ठेवून उभे राहिले. "चाळीत असताना पण गावाक जायचो. मातयेतला झाड आपली वाट बघी. ह्येनी नाय बघल्यानी." मग म्हणाले, "फुडल्या गणपतीक तुमी जावा. मी हयच रवतंय, पंप बघूक."

मला वाटलं, वैतागून बोलतायत. यंदा गावच्या घरी पहिल्यांदाच आरती मला करावी लागली. बाबा विक्रोळीला होते, पालकाजवळ.