चाळीस घरांची भूपाळी

टाळ जरा थांबवा, बाबांनो! मंडळी, ऐका — आधी कोडं, मग गोष्ट!

तुमच्या ताटातला लाडू मी उचलला, तर तुमचा लाडू गेला. बरोबर? पण तुमचं गाणं मी उतरवून घेतलं, तर तुमचं तुमच्याकडे आहेच की! मग नुसतंच घेत राहणाऱ्यानं कुणाचं काय बिघडवलं? त्याला फुकट्या का म्हणायचं? — ते मागचे काका मान डोलावताहेत! उत्तर ठाऊक आहे, की डुलकी लागली? असू द्या. ऐका!

एका साखर कारखान्याची कॉलनी. चाळीस घरं. फोन अजून खिशात आले नव्हते. कॉम्प्युटरला क्रोशाचं टोपरं घालायचो आणि त्याच्या खोलीत चपला काढून जायचो ना, तेव्हाची ही गोष्ट! तिथं राहायच्या पागेबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांना जोडून देणारी बाई — निवृत्त झाली म्हणून हात थांबतात होय? त्यांनी खिडकीतून खिडकीत निळी वायर ओढली, चाळीस कॉम्प्युटर जोडले. एकाचं गाणं ते सगळ्यांचं! कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या लग्नातली सनई — देवकुळ्यांनी तर नातवाचं पहिलं रडणं घातलं. संगीत म्हणून! वायरीवर बायका चादरी वाळत घालायच्या. चादर ओली असली की पलीकडे सनईला सर्दी होते, असं पागेबाई सांगायच्या. आम्ही मानायचो!

आणि याच कॉलनीत मोरूअण्णा घैसास. सगळ्यांची गाणी घ्यायचे. स्वतःच्या कॉम्प्युटरचं दार बंद! हवं ते गाणं उतरलं रे उतरलं, की — प्लग उपटला!

"अहो, नीट बंद तरी करा," त्यांची बायको, उमाकाकू म्हणायची.

"नीट बंद करेपर्यंत कुणी आत शिरून काही नेलं म्हणजे?"

नेण्यासारखं होतं काय? एकच. अण्णांच्या आईची भूपाळी. आठ मिनिटांची. मूळ कॅसेट टेपरेकॉर्डरनं केव्हाच चावून खाल्लेली. उरलं होतं ते कॉम्प्युटरच्या पोटात. आई जाऊन वीस वर्षं झाली, पण रोज सकाळी ती गायल्याशिवाय अण्णांचे डोळे उघडत नसत —

*उजाडलं कान्होबा, डेऱ्यात आलं लोणी…*

"माझी आई आहे," अण्णांनी घरात तंबी दिलेली. "गाणं कुणाला द्यायचं नाही!"

पागेबाई काय कमी? त्यांनी फळ्यावर नियम लिहिला — 'दार लावून घेणाऱ्यास गाणे मिळेल, गाण्यातले गाणे मिळणार नाही.' त्या दिवसापासून अण्णांच्या घरी काय उतरावं? बुवांचं खाकरणं! पेटीवाल्याचं "पाणी आहे का?" आणि "हॅलो, माइक टेस्टिंग"! अकरा तासांचं खाकरणं जमलं. माणूस शहाणा होतो की नाही? छे! अण्णा डोळे मिटून ऐकायचे, मांडीवर ठेका धरायचे. "फुकटात आहे ना? मग चांगलंच आहे!"

आणि प्लग उपटायचे. दिवसातून नऊ वेळा! शेवटी एका दुपारी कॉम्प्युटरच आतून बोलला — कट्… कट्… कट्. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं. "काका, डिस्क गेली. आतलं सगळं गेलं."

सकाळ झाली. अण्णा उठेनात. उन्हं पायावर आली, डोळे मिटलेलेच. उमाकाकू उशाशी बसली.

"अहो… रागावणार नसाल तर सांगते. सासूबाई आहेत."

एक डोळा उघडला. "कुठं?"

"संक्रांतीला बायकांना वाण देतात ना? यंदा मी सासूबाईच दिल्या. पण तुमचा शब्द नाही मोडला हो! अख्खं गाणं कुणालाही दिलं नाही. तुम्ही दुपारी घोरत होतात, तेव्हा पागेबाईंकडून चाळीस तुकडे करून घेतले. बारा-बारा सेकंदांचे. एकोणचाळीस घरांना एकेक, चाळिसावा आपल्या घरचा."

अण्णा ताडकन उठले. "माझ्या आईचे तुकडे केलेस?"

"केले म्हणून आहेत!"

अण्णा अनवाणीच पागेबाईंकडे.

"मागायला आलात," बाई म्हणाल्या. "द्यायला काय आणलंत?"

"काही नाही हो. नवी डिस्क आहे. कोरी."

"मग ती जोडा, आणि पुन्हा प्लगला हात लावू नका. रिकामं असलं तरी दार उघडं असावं माणसाचं!"

रविवारी सकाळी दहाला चाळीस घरांत चाळीस कॉम्प्युटर सुरू झाले. वायरीवरच्या चादरी काढल्या — उगीच आईंना सर्दी नको! अण्णांच्या ओसरीवर सगळी कॉलनी. एक तुकडा आला, दहा आले, एकोणचाळीस आले. अण्णांनी हात जोडून गाणं लावलं.

*उजाडलं कान्होबा, डेऱ्यात आलं लोणी —*

आणि आई थांबली!

चाळिसावा तुकडा! अण्णांच्याच घरचा! बंद दाराआड होता, तोच तेवढा गेला. बारा सेकंद नुसती शांतता. ती ओळ त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक होती? हजारदा कानांवरून गेलेली! पागेबाईंनी माइक पुढे सरकवला. अण्णांचा गळा म्हणजे गंजलेली कडी. तरी त्यांनी तोंड उघडलं —

*सवंगडी दारात, एकटं खातं का कोणी?*

गायले, आणि स्वतःच ऐकलं. तेव्हा कुठं ऐकलं! डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मंडळी, आजही त्या भूपाळीत आई गाते, मध्येच एक म्हातारा भसाड्या आवाजात बारा सेकंद ओरडतो, आणि पुन्हा आई गाते. चाळीस घरांत आहे. अख्खी!

घेतल्यानं गाणं कमी होत नाही, खरंच. पण न दिल्यानं ते एकाच घरी राहतं. आणि एका घरात जे राहतं, ते एक दिवस — कट्… कट्… कट्!

तुम्ही हसलात. बरं केलंत. पण मघापासून मी गातेय, आणि ध्रुवपदाला निम्म्यांचे ओठ नुसते हलताहेत. मला इथून सगळं दिसतं हं! तेव्हा आता पहिली ओळ माझी. दुसरी मी म्हणणार नाही. ते बारा सेकंद तुमचे. घ्या टाळ!

*उजाडलं कान्होबा, डेऱ्यात आलं लोणी —*