आभाचे सत्त्याण्णव पर्सेंटाइल

...आणि वर मलाच विचारतात, 'बाबा, वाचता येत नाही का?' अहो, वाचता आलं म्हणूनच तर घोळ झाला! तुम्हाला सांगतो, आमची नात आभा, सातवीतली, शाळा सुटली की रोज माझ्याकडे यायची, आई-बाबा ऑफिसातून येईपर्यंत. हिची आजी गेल्यापासून माझ्या पनवेलच्या दोन खोल्यांत माणसाचा आवाज म्हणाल तर तेवढाच. दोन महिन्यांपूर्वी तिच्या दप्तरातून शाळेचं कार्ड पडलं, त्यावर ठळक अक्षरांत... पर्सेंटाइल सत्त्याण्णव! आता आपल्या घरात पर्सेंटाइल म्हटल्यावर माणूस काय समजणार? परीक्षाच ना? सत्त्याण्णव म्हणजे काय कमी का हो?

मी तडक उरण नाक्यावर, किलोभर पेढे, आणि तळमजल्यापासून सातव्यापर्यंत प्रत्येक बेल दाबली! 'आमच्या आभाला सत्त्याण्णव!' पहिल्या मजल्यावरचे काशिराम, मूळचे कोन गावचे, पेढा तोंडात टाकून म्हणतात, 'आमच्या प्रितमला पन्नास पन नाय!'

संध्याकाळी सूनबाई कार्ड नाचवत आली, 'बाबा, हे वजनाचं आहे! शंभर मुलींत सत्त्याण्णव जणी हिच्यापेक्षा हलक्या!' चिरंजीव सत्यजीत मोबाइलवर आलेख दाखवतात, 'जगभर मुलांची वजनं वाढताहेत, बाबा, सीरियस आहे.' म्हटलं, जगभर काय मीच शिरा करून घातला?

पण आभा... दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, 'कशात गं सत्त्याण्णव?' आणि पोरगी लिफ्टमधून उतरून जिन्यानं जी गेली, ती माझ्या दाराकडे फिरकली नाही. आता शाळेतून थेट क्लासला. मी आपला चार वाजता दोन बशा काढतो, एक परत ठेवतो. चुकलो हो मी, फार चुकलो. फोन केला, 'शिरा नाही बाळा, काकडी चिरून ठेवतो, ये.' म्हणाली, 'होमवर्क आहे, आजोबा.'

काल डॉक्टरांनी मलाच काट्यावर उभं केलं. 'पाच किलो उतरलात! डाएट करता का?' म्हटलं, एकट्यासाठी कोण कढई चढवतो? ते सोडा, माझं पर्सेंटाइल सांगा. हसले. 'तो तक्ता मुलांचा असतो, आजोबा. तुमच्या वयाला नसतो.'

नसतो! शंभर पोरांत कोण जाड, ते मोजतात, शंभर म्हाताऱ्यांत कोण एकटा, ते नाही. जाऊ दे... मोजलंच कुणी, तर मीही काढीन की सत्त्याण्णव. कमी का हो?