माझ्याच हातची घट्ट शिलाई

माहेर आमचं ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतलं, पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर आले घोडा आणि तलवार घेऊन, असं आजोबा सांगायचे, घोडा कुणी पाहिला नाही आणि तलवारीनं आई नारळ फोडायची. तिथनं मी लग्न होऊन आले खासगी बाजारात, बाइंडिंगच्या दुकानात. आमचे हे पुठ्ठे कापायचे, मी शिवायची. शाळांची रजिस्टरं, वकिलांची पुस्तकं, वाचनालयाची फाटकी पुस्तकं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. आणि तोरा काय विचारता! शिलाई मी अशी आवळायची की गिऱ्हाईक म्हणायचं, भाभीजी, किताब खुलती ही नहीं, तर मी म्हणायची, भय्या, खुलेगी नहीं तो फटेगी भी नहीं. काय अक्कल होती बघा त्या बाईला.

वाचायला मात्र वेळ नाही. हातात दिवसभर पुस्तकं आणि वाचलेलं एक नाही, हलवायाच्या घरी उपास तशातली गत. दर दिवाळीला पुण्याहून पोस्टानं दिवाळी अंक यायचे, ते मी वरवर चाळायची आणि बाजूला ठेवायची, म्हातारपणी वाचीन म्हणून. तीन-तीन अंकांचा एक खंड, असे दहा खंड मी स्वतः बांधले, कापडी पाठ, वरखाली कडा कापून साफ. म्हातारपणाची माझी शिदोरी होती हो ती.

म्हातारपण आलं आणि डोळे गेले. काला मोतिया, आपला काचबिंदू. डॉक्टरांनी थेंब दिले होते रोज घालायला, मी म्हटलं, दुखत तर नाही काही, कशाला घालू? हेही त्याच शहाण्या बाईचं काम. आमचे हे तर त्याआधीच वारले होते. मुलगा नोकरीला दिल्लीला, इथे मी आणि सूनबाई, ती भिंडची, गुणाची आहे, पण मराठी तिला येत नाही. एकदा वाचायला बसली माझ्यासाठी, अक्षरं वाचली सगळी, अर्थ एकाचा नाही, आणि शेवटी मलाच विचारते, अम्माजी, इसमें हुआ क्या? आम्ही दोघी हसलो, आणि मग मी मोरीत जाऊन रडले.

मग कुणी सांगितलं, सिटी सेंटरला बँकेत भदौरिया सर आहेत, स्वतः जन्मापासून आंधळे, ते कॉम्प्युटर शिकवतात. काचेवर पान पालथं ठेवायचं, बटण दाबायचं, मशीन फोटो काढतं आणि वाचून दाखवतं. मुलानं सगळं घेऊन दिलं. महिनाभर शिकले मी. पहिल्या दिवशी मशीन गप्पच, सर म्हणाले, अम्मा, आपने ढक्कन के ऊपर रख दी किताब. दुसऱ्या दिवशी पान डोकं खाली करून ठेवलं तर असं काही बरळलं की सूनबाई धावत आली. पण शिकले. सूनबाई शिकवते त्या शाळेच्या मासिकातलं पान त्यानं घडाघडा वाचलं तेव्हा काय सांगू तुम्हाला, मी त्या मशीनची दृष्ट काढली.

आणि मग माझा पहिला खंड ठेवला. प्रत्येक ओळ अर्धी. मशीन म्हणतं, बाई उठली आणि, पुढे काही नाही. पुन्हा दाबलं, जोर लावला, अंगाचा भार टाकला, तीच गत. आठवडाभर मी ते पान दाबत होते, हात सुजले. सरांनी येऊन पुस्तकाच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, अम्मा, यह किसने सिली है? अंदर के अक्षर काँच तक पहुँचते ही नहीं, सिलाई काटनी पड़ेगी. मी म्हटलं, माझे हात कापा त्यापेक्षा. पंधरा दिवस मशीनला हात लावला नाही, जेवणही जाईना.

शेवटी मीच सुरी घेतली. टाके कुठे आहेत ते बोटांना ठाऊक होतं. सगळे कापले, पानं मोकळी केली, पलंगावर ठेवली, आणि मे महिन्यातला ग्वाल्हेरचा पंखा, तो कोण बंद करतं? सगळी पानं खोलीभर. गोळा केली रांगत रांगत. म्हटलं, जाऊ दे, मशीन पानाचा आकडा वाचेल, त्यावरून लावू. तर आकडाच नाही कुठे. सूनबाईला बघायला सांगितलं, ती म्हणाली, अम्माजी, नीचे से तो सब कटा हुआ है. सुबक दिसावं म्हणून मीच कापले होते हो, तिन्ही दिवाळी अंकांच्या पानांचे सगळे आकडे. त्या दिवशी मी देवाला म्हटलं, आता ने. त्यानंही ऐकलं नाही.

आता काय करते? सकाळी बसते, एक पान ठेवते, दोन्ही बाजू ऐकते, शेवटचं वाक्य तोंडात धरून ठेवते आणि त्याचं पुढचं अर्धं हुडकत दुसरी पानं ठेवत जाते. दिवसाला तीन जुळली तर खूप, कधी एक नाही. तुम्ही म्हणाल मी लावून देतो, द्याल हो, पण तुम्ही पाहुणे, उद्या जाल आणि अजून नऊ खंड कापायचे आहेत. माझ्या हिशेबानं आयुष्य पुरत नाही. देव तुमचे डोळे नीट ठेवो, थेंब दिले तर घालत जा. आणि आता उठा, परवापासून एका बाईनं सासरचं दार उघडलंय, आत कोण होतं ते पान मला अजून मिळालेलं नाही.