अर्धा कोयता

माइक थोडा खाली घ्या. अजून. हां, राहू द्या.

नाना, तुम्ही बसा. मी मोजकंच बोलणार होते. कालपासून शब्द जुळवतेय आणि ते जुळत नाहीयेत. पण आत्ता तुम्ही दूध संघाचे उपाध्यक्ष म्हणून जाहीर केलंत, की अण्णांच्या नावानं पशुखाद्याचा कारखाना काढायचा, उद्या संचालक मंडळात तसा ठराव येणार. सगळ्यांनी माना हलवल्या. आता मला थोडं जास्त बोलावं लागेल.

मंडळी, अण्णांच्या शोकसभेला तुम्ही उमापूरहून, चकलांब्याहून आलात. कित्येकांनी चारा छावणीतली गुरं शेजाऱ्याच्या भरवशावर सोडली असतील. माणूस गेला की त्याच्याविषयी सगळे ठामपणे बोलतात. मला ते जमणार नाही. अण्णांविषयी मला जेवढं ठाऊक आहे, त्याहून मला पडलेले प्रश्न जास्त आहेत.

पहिला प्रश्न. त्यांनी मला नोकरी का दिली?

दूध संघानं पेपरात जाहिरात दिली होती. नवीन व्यवसाय विकासासाठी वरिष्ठ वित्तीय विश्लेषक पाहिजे. दुष्काळ होता, आजच्यासारखाच. सभासद ऊसतोडीला गेलेले, संकलन केंद्रांवर रिकामे कॅन. संघ टिकवायचा तर दुधाच्या जोडीला दुसरं काहीतरी हवं होतं. आणि ते आपल्याला पेलेल का, हे सांगणारं माणूस हवं होतं. मी पुण्याहून अर्ज केला. पत्ता बीडचा, आईच्या घराचा दिला. मुलाखतीचं पत्र येईल म्हणून तिथं येऊन राहिले.

पत्र आलं नाही. जीप आली.

जुन्या लोकांना माहीत आहे, अध्यक्ष होण्याआधी अण्णा मुकादम होते. ऊसतोडीच्या टोळ्या नेत. माणूस कामावर घ्यायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. मुकादम दारात जातो. घर बघतो. हंगामाआधीच उचल हातावर ठेवतो. अण्णांनी वरिष्ठ वित्तीय विश्लेषकही त्याच रीतीनं घ्यायला काढला.

मी प्रमाणपत्रांची फाइल पुढं केली. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला आणि आईला विचारलं, "कोयता पुरा हाय का अर्धा?"

इथं कुणाला समजावून सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. आई भडकली. "लग्नाचं विचारायला आलात का नोकरीचं?"

"न्हाई बाई, कामाचंच इचारतो. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. एकट्यानं तोडलेलं फडातच पडून ऱ्हातंय."

"अर्धा," मी म्हणाले.

मग त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. उचल.

"आमच्यात पगार महिना भरल्यावर घेतात," आई म्हणाली.

"महिना भरल्यावर?" अण्णा खरोखर चकित झाले. "मग माणूस येतंय कशाच्या भरवशावर?"

मी पुरचुंडी परत केली. त्यांनी ती हातात धरून ठेवली. "उचल न्हाई घेतली तर तू कवाबी निघून जाशील की."

"हो."

त्यांनी चहा संपवला. "सोमवारी ये."

का? कवाबी निघून जाईल असं माणूस कोणता मुकादम घेतो? मी एकदा विचारलंही. म्हणाले, "मला तरी कुठं कळलंय? तू लई हुशार हायस, तूच शोध." मी अजून शोधतेय.

नाना, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "अण्णा, टोळी भरायलाव का संघ चालवायलाव?" सगळे हसले. अण्णा सगळ्यांत जास्त हसले.

पहिलं काम मिळालं ते याच कारखान्याचं. पाली गावाच्या अंगाला जागाही त्यांनी बघून ठेवली होती. त्या जमिनीवर ते चपला काढून चालायचे. मी उन्हाळाभर हिशेब मांडला. उत्तर आलं, नाही. दुष्काळात सरकी पेंड महागते, मका महागतो, आणि त्याच वर्षी आपली माणसं गुरं विकतात. कारखान्याला गिऱ्हाईक हवं तेव्हाच गिऱ्हाईक नसतं. त्यापेक्षा बऱ्या वर्षी हिरव्या मक्याचा मुरघास करायचा, पिशव्यांत हवाबंद ठेवायचा, कोरड्या वर्षी सभासदांना द्यायचा. कोनशिला बसवावी असं त्यात काही नाही.

अण्णांनी ऐकलं. "बदलशील का?"

"नाही."

ते बाहेर गेले. मी पिशवी आवरायला घेतली. ते परत आले, दारातच उभे राहिले. "गावात कोन सांगनार?"

"मी सांगते."

"न्हाई. तू तोडलंस. मोळी मी बांधतो." मग स्वतःशीच हसले. "आमच्यात हे उलटं असतंय. गडी तोडतो, बाई बांधती."

मग आम्ही गावोगाव निघालो. उमापूरला एकानं विचारलं, "अण्णा, नारळ कवा फोडायचा?"

"फोडायचा न्हाई."

"कावून?"

"गिऱ्हाईक तूच हायस. आन् तू मागल्या साली म्हशी इकल्यास."

चकलांब्याला लोक चिडले. म्हातारा त्या पोरीच्या नादाला लागला, असं मागून कुणी ओरडलं. अण्णा पाणी प्यायले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले. नकार कुणाचा, हे त्यांनी एकाही गावात सांगितलं नाही. स्वतःचा म्हणूनच सांगितला.

आणि परतताना जीपमध्ये मलाच विचारत, "सलग दोन साल पाऊस न्हाई आला तर? पिशवी उंदरानं फोडली तर?" आपल्या स्वप्नाविरुद्धच्या हिशेबात माणूस इतका रमतो कसा? हा दुसरा प्रश्न. त्याचंही उत्तर माझ्याकडं नाही.

मागच्या बऱ्या वर्षी भरलेल्या पिशव्या आज छावणीत उघडताहेत. तुमच्यापैकी काहींच्या हाताला आत्ताही तो आंबूस वास येत असेल. पावसापर्यंत पुरेल का, मला माहीत नाही.

कारखाना हे अण्णांचं स्वप्न होतं, हे खरं. ते त्यांनी गावोगाव फिरून स्वतःच्या तोंडानं मागं घेतलं, हेही खरं. त्यांच्या नावानं यातलं काय करायचं, ते तुम्ही ठरवा. उद्या बैठकीत मी पुन्हा 'नाही'च म्हणेन. तोडायचं काम मला येतं. पण आता जाहीर झालेलं मागं कुणी घ्यायचं? मोळी कुणी बांधायची? हा शेवटचा प्रश्न, आणि तो मला अण्णांना विचारता येत नाही.

आता सगळे उभे राहू. अण्णा बोलणारे म्हणून प्रसिद्ध होते, पण ते ऐकायचे फार चांगलं. तेव्हा थोडा वेळ कुणी काही बोलू नका. त्यांच्यासारखं नुसतं ऐकू या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, बैठकीच्या आधी, नाना जीप घेऊन आईच्या दारात आले. चहा नको म्हणाले. माझी हिशेबाची फाइल पुढच्या सीटवर ठेवली आणि विचारलं, "आधी उमापूरला सांगायचं का चकलांब्याला?"