प्रेमानंद, काउन्सेलर अन् कोच

...आता तुम्हीच सांगा, अडकला म्हणे! कोण? अहो, आमचा प्रेमानंद, प्रताप नगरचा, माझ्या समोरच्याच घरातला, बँकेत बसते, पंख्याखाली! विहिरीत पडला का? लिफ्टमध्ये फसला का? नाही! 'लाईफ'मध्ये अडकला! तुम्हाले सांगतो, अडचण केवढी... नोकरी सोडून नरखेडकडं भावाच्या संत्र्याच्या बागेत जावं का नाही, एवढंच बायकोले विचाराचं होतं. बायको दामिनी काय लंडनले राहते? घरातच आहे! पण दोघं जेवतातही टीव्हीकडं पाहून. अन् हा साऱ्या नागपूरले विचारत फिरून राहिला, काउन्सेलरकडं जाऊ का कोचकडं?

बँकेतला श्रीधर सांगते, "काउन्सेलरकडं जाय बे, मागचं सारं उकरून काढते." भाचा विक्रम सांगते, "मामाजी, कोच पाहा, कोच! तो डायरेक्ट पुढं ढकलते!" झालं! हा मधात उभा... मागचं उकरू का पुढं ढकलू? अबे, माणूस आहेस का बंद पडलेली स्कूटर? अडकला म्हणे!

गेला मग कोचकडं. हॉटेलातला हॉल, माईक, कान फाटतीन असे गाणे, अन् तो कोच, नागपूरच्या मे महिन्यात कोट घालून! "सर! पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता?" हा म्हणते, "रिटायर." "नो सर! मोठं पाहा, मोठं!" यानं लय विचार केला अन् म्हणते, "मग... पेन्शन." कोचनं माईकच हिसकला! मग साऱ्यायले खुर्चीवर उभं करून 'मी वाघ आहे, वाघ!' असं ओरडाले लावलं. अन् हा वाघ घरी आला, बायकोसमोर चूपचाप वरण-भात गिळला अन् झोपला. अडकला म्हणे!

उरली काउन्सेलर. पण लोक पागल म्हणतीन ना! तं यानं उन्हाचा दुपट्टा नाकाडोळ्यांवर गुंडाळला, वरून गॉगल, अन् तिथं एसीतही तसाच बसला! बाजूले एक बाई, तीही तशीच गुंडाळलेली. तेवढ्यात काउंटरवरची पोरगी ओरडली, "प्रेमानंद निखाडे कोण?" तं बाजूची बाई ताडकन उठली!

"अगंबाई! तुम्ही तं बँकेत होते ना?"

"अवं, तू तं भिशीले गेली होती ना?"

घ्या! दामिनी! ती काहून आली, तं म्हणे घरात माणूस बोलत नाही!

काउन्सेलर मॅडमनं दोघायले सोबतच आत घेतलं. "हंऽऽ... आता एकमेकांशी बोला बरं." बोलतीन? हा म्हणते, "मॅडम, हिले विचारा, मी नोकरी सोडली तं चालन का?" ती मॅडमकडंच पाहून म्हणते, "मॅडम, यायले सांगा, मी कधीची वाट पाहून राहिली, एकदा तरी विचारा म्हणा! माझाही जीव नाही लागत इथं!" अन् रडली हो... तोही रडला. त्यानं हे सांगितलं तेव्हा, खोटं काहून बोलू, मीही डोळे पुसले.

म्हटलं चला, सुटला! कायचा सुटते! अजून बँकेतच आहे. दर शनिवारी दोघं नटूनथटून मॅडमकडं जातात, बागेचं, सामानाचं, भांडणाचं, सारं तिथंच बोलतात, अन् घरी आले का दोघायच्या तोंडाले कुलूप! शेवटी मी विचारलंच, "काहून गा, हेच घरी बोलाले काय होते?"

तं माझ्याकडं असा पाहाले लागला, जसा मीच पागल आहो. म्हणते, "घरी मॅडम कुठं असते?"