शून्य गुणांचा कीपर

(लेखकाच्या घरातली बाहेरची खोली. टीव्ही चालू, आवाज बंद. चष्मेवाल्याने चपला काढलेल्या नाहीत.)

चष्मेवाला : बसायला आलेलो नाही. आधी सांग, तुझ्या मालिकेतला तो टकल्या मीच ना?

लेखक : अरे, चार मित्र आहेत. घरबसल्या क्रिकेटचे संघ लावतात, खरे खेळाडू मैदानात कमावतील ते गुण आपले म्हणतात, आणि भांडतात. असे मित्र घरोघरी असतात.

चष्मेवाला : घरोघरी चष्म्याचं दुकान असतं का? आणि दर हंगामात निवृत्त कीपर घेऊन, त्याचे शून्य गुण पदरात पाडून शेवटचा येणारा येडा? तोही घरोघरी?

लेखक : आपल्या लीगमध्येही तुझी चेष्टा होतेच की. शेवटचा येईल त्याने बाकीच्यांच्या गाड्या धुवायच्या. तू हसत हसत धुतोस.

चष्मेवाला : तुम्ही तिघं हसता ते वेगळं. काल एका बाईंचा नंबर तपासत होतो. अक्षरं वाचता वाचता फिस्सकन हसल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही ते कीपरवाले ना?’ भिंग माझ्या हातात तसंच राहिलं.

वहिनी : भाऊजी, पाणी तरी घ्या.

चष्मेवाला : नको, वहिनी. तुमच्या नवऱ्याला विचारा, मी तो कीपर का घेतो.

लेखक : हिला कशाला मध्ये ओढतोस?

चष्मेवाला : हॉस्पिटलच्या पायरीवर बसून तुला एकट्याला सांगितलं होतं. बाकीच्या दोघांना अजून माहीत नाही. माझी बायको तिथे पलंगावर पडल्या पडल्या माझा संघ लावायची. क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणाली, ‘हा कीपर घ्या, ह्याचे कान तुमच्यासारखे आहेत.’ तो तिने लावलेला शेवटचा संघ. कसा काढू त्याला?

लेखक : म्हणून तर पुढच्या भागात ते कारण घातलंय. कानांसकट. आज हसणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल बघ.

चष्मेवाला : कानांसकट?

वहिनी : अहो, ते कान तर तुम्हाला आंघोळ करताना सुचले होते ना?

लेखक : सुचले म्हणजे... आठवले.

वहिनी : वाचून रडले मी. तुमची पाठ थोपटली.

लेखक : नावं बदललीत सगळी.

चष्मेवाला : मी तुझी गचांडी धरायला आलो होतो, चेष्टा केलीस म्हणून. ती एक वेळ गिळली असती. पण तिने माझी केलेली ती शेवटची थट्टा होती रे. ती तू लोकांना रडायला दिलीस. काढ तो प्रसंग.

लेखक : चित्रीकरण झालंय. चॅनेलला तोच भाग सगळ्यात जास्त आवडलाय. माझ्या हातात काही नाही.

वहिनी : फोन आहे ना हातात? लावा.

लेखक : उपयोग व्हायचा नाही.

वहिनी : लावा तरी.

चष्मेवाला : राहू द्या, वहिनी. ह्याला कुणाला नाही म्हणणं जमलेलं नाही. मला सोडून.

लेखक : एवढ्यावरून लीग सोडू नकोस. संघ आजच द्यायचेत. तुझा कीपर... तोच लिहू ना?

चष्मेवाला : आता तो घेतला, तर लोक म्हणतील, मालिकेतून उचलला.