तात्यांच्या गळ्यातली बेंडकुळी

खरं सांगा बे, आमच्या तात्यांना कधी गप्प बघितलंय का कुणी? मी बघितलंय.

तात्या म्हंजे माझे चुलते, धारूरकडचे माजी सरपंच. माईक दिसला की सुटणारा माणूस. त्यांच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली आन् बोलतीच बंद झाली. जो तो यायचा, गाठ चाचपायचा, मान हलवायचा आन् चहा पिऊन जायचा. काकू आत जाऊन डोळे पुसायची.

शेवटी अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरबाईंनी सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस तात्यांनी हूं की चूं केलं न्हाई.

रिपोर्टला आमी तिघं गेलतो. बाई हसतच म्हणाल्या, "कॅन्सर नाही. स्नायूची साधी गाठ आहे, काढली की झालं. गळ्यात अशी फार क्वचित सापडते, म्हणून मी दोनदा तपासून घेतली."

तात्यांनी मला विचारलं, "स्नायू म्हंजे?"

मी दंड वळवून दाखवला. "ही बेंडकुळी हाय ना, तसलं मांस."

तात्या एकदम ताठ बसले. "तरीच! तरुणपणी लई जोर-बैठका काढल्यात मी, बाई. पहिलवानकी कुठंतरी दिसणारच की!"

काकू आठ दिवसांत पहिल्यांदा हसली.

"बाई, यांचं काय ऐकू नका. हातापायाला कधी काम दिलं न्हाई यांनी. जन्मभर नुसतं तोंड चालवलं, मग बेंडकुळी तिथंच येणार की!"